डोक्यात धुकं घेऊन फिरणारं इंदुरात अजून कोणी आहे का?

जीरावन | ८ जून, रात्री ११:५२

नमस्कार. वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. हा मजकूर तीन दिवस तुकड्यातुकड्यांनी लिहून राहिले आहे, तेव्हा एकच गोष्ट दोनदा आली तर सांभाळून घ्या.

वय ४३, सुदामानगर. रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, सहा वर्षांपासून. सांधे गोळ्यांनी आटोक्यात आहेत. सकाळी तासभर बोटं कडक असतात, मग सुटतात. तक्रार त्यांची नाहीच, डोक्याची आहे. पंधरा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघितले. क्लायंटांचे आकडे तोंडपाठ असायचे. आता बेरीज करताना खालच्या ओळीवर पोचेपर्यंत वरची ओळ पुसली जाते. परवा 'चाळणी' हा शब्द आठवेना. सासूबाईंना म्हटलं, "ते भोकंभोकंवालं द्या." त्या हसल्या, मीही हसले, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

सानंद या इथल्या संस्थेच्या नाटकांना आम्ही बहिणी वर्षानुवर्षं जातो. गेल्या खेपेला मध्यंतरात तिने विचारलं, "तुला काय वाटतं, खोटं कोण बोलतंय?" मला पहिल्या अंकातलं एक अक्षर सांगता येईना. "बघू पुढे," म्हटलं आणि वडा खाल्ला.

खरी घाबरले ती गेल्या महिन्यात. आमवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, माझा वार रविवार. सोमवारी रात्री वाटलं, काल राहिलीच. घेतली. मंगळवारी पट्टी बघितली तर एक खाच जास्त रिकामी. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच रक्त तपासायला लावलं, पुढच्या रविवारची गोळी थांबवली. निभावलं. पण तेव्हापासून माझाच माझ्यावर भरवसा नाही.

डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. "रिपोर्ट तो अच्छे हैं, टेन्शन मत लीजिए." घरचेही चांगले आहेत. पण त्यांना सांगितलं की ते काळजी करतात, मग त्यांच्या काळजीची काळजी मला करावी लागते.

सल्ला नकोय. (एकच प्रश्न: मेथोट्रेक्सेटसोबतची फॉलिक अ‍ॅसिड त्याच दिवशी घ्यायची की दुसऱ्या? डॉक्टरांनी सांगितलं होतं, विसरले, आता पुन्हा विचारायची लाज वाटते.) मला असं कोणी हवंय, ज्याच्यासमोर वाक्य अर्ध्यात सुटलं तरी चालेल. मराठीत, इंदुरात. आहे का कोणी?

भिया_०७३१ | ९ जून, सकाळी १०:१५

आहे ना ताई. वय २९, विजयनगर. एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला, घरीच बरा झालो, म्हणजे असं सगळे म्हणतात. कोडिंग करायचो, आता दिवसाला दोन तास धड काम होतं. मीटिंगमध्ये समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, अर्थ दोन सेकंद उशिरा पोचतो. लाइव्ह मॅच बघताना आवाज मागे राहतो ना, तसं.

'चाळणी' वाचून हसू आलं, सॉरी. मी 'रविवार' विसरलो होतो एकदा. शब्दच. "तो सुट्टीवाला दिवस" म्हणालो.

कर्वेरोड | ९ जून, दुपारी १२:४०

ताई, काळजी घ्या. एक शंका: 'लिहून राहिले आहे' म्हणजे 'लिहितेय' ना?

भिया_०७३१ | ९ जून, दुपारी १२:५५

पुण्यात गोष्टी होतात. इंदुरात होऊन राहतात. फरक आहे दादा, वेळ लागतो.

आरोग्यमित्र | ९ जून, दुपारी २:१०

ताई, मनाचे खेळ आहेत हे. ॲलोपॅथीच्या गोळ्यांनीच डोकं जड होतं. सकाळी अनुशापोटी गुळवेलीचा काढा, रात्री गाईचं तूप नाकात दोन थेंब. चाळीस दिवसांत फरक. माझ्या मेव्हणीची संधिवाताची गोळी सुटली. सकारात्मक राहा.

सुईवाली | ९ जून, दुपारी ३:३०

आरोग्यमित्र, हात जोडते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं यकृत दर थोड्या महिन्यांनी तपासतात, ते काही उगाच नाही. त्यात गुळवेल? २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला, तो बाजूला ठेवू. पण जिच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठली आहे, तिला 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काही द्यावं का, एवढा तरी विचार करा.

जीरावन ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. सल्ला नको म्हणालात, तरी एक सांगते. सगळं धुकं आजाराचंच असतं असं नाही, कधी त्याच्याखाली दुसरं काही दडलेलं असतं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, लोह, साखर हे एकदा बघून घेतलंय ना? आपल्यात शाकाहारी मंडळी जास्त, त्यामुळे बी-१२ कमी निघणारे रोज बघते. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही घटतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर आकडे खोटे येतात. हे कोणी सांगत नाही, आणि आम्ही विचारलं तर बायका म्हणतात, "वो तो विटामिन है, दवाई थोड़ी." सर्दीची, झोपेची, नसांच्या दुखण्याची गोळीही डोकं सुस्त करते. घोरणं असेल तर तेही सांगा. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका थैलीत घालून न्या, आठवायची गरजच नको.

फॉलिक अ‍ॅसिड: बहुतेक डॉक्टर मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून दुसऱ्या दिवशी घ्यायला सांगतात, पण तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. फोटो व्यनि (खाजगी निरोप) करा, अक्षर लावून देते. डॉक्टरी अक्षर वाचणं हीच माझी खरी नोकरी आहे.

आरोग्यमित्र | ९ जून, संध्याकाळी ५:०५

चांगलं सांगायला जावं तर हे असं. असो.

नुसता_नवरा | १० जून, रात्री १२:२०

बायकोला फायब्रोमायाल्जिया आहे, अंगभर दुखत राहण्याचा आजार. ती इथे लिहिणार नाही, म्हणून मी. रोज ऑफिसातून आलो की विचारतो, "काय करू तुझ्यासाठी?" आणि ती चिडते. काय चुकतं?

भिया_०७३१ | १० जून, सकाळी ११:००

काका, तो प्रश्नच अवघड पेपर आहे. "काय करू" म्हटलं की मला आधी घरातली सगळी कामं डोळ्यांपुढे आणायची, त्यातली अडलेली निवडायची, मग तुमचा मूड बघून सांगायचं. एवढं डोकं असतं तर कामच केलं असतं! आई आता विचारते, "खिचडी की पोळी?" दोनातलं एक. तेही जमलं नाही तर ती खिचडी लावते, बोलत नाही.

नुसता_नवरा | १० जून, रात्री ११:४५

आज विचारलं, "भांडी मी घासू की कपडे घड्या करू?" म्हणाली, "भांडी." एवढंच. चिडली नाही.

रामबागवाली | ११ जून, दुपारी ४:१०

टंकायला वेळ लागतो, त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. सावकाश वाचा.

माझं वय ६४. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते तो आजार. १९९६ साली कळलं, पण त्याआधी अडीच वर्षं मी 'नाजूक' होते. सासरचा शब्द. गालांवर लाली यायची, ऊन लागलं की ताप, केस गळायचे, आणि वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मुलींकडे वळेपर्यंत काय लिहायचं ते गेलेलं. हिंदी शिकवायचे मी. मुली शहाण्या होत्या. पहिल्या बाकावरची एक हळूच शब्द पुरवायची. तिला मी कधी विचारलं नाही, तिनेही कधी दाखवलं नाही.

निदान मुंबईत झालं. अवंतिका एक्सप्रेसने आदल्या दिवशी निघायचं, सकाळी उतरायचं, दिवसभर दवाखान्याच्या बाकावर. त्या बाकावर एक ठाण्याची बाई भेटली. माझ्याच गालांची. तिला बघितलं आणि आरशात बघितल्यासारखं झालं. तिनेही बघितलं. मग ती म्हणाली, "तुम्हालाही उन्हाचं आहे वाटतं." बस, एवढंच बोलून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. अडीच वर्षांत एवढं बरं मला कोणत्या गोळीने वाटलं नव्हतं.

पुढे आम्ही पत्रं लिहिली. निळी आंतर्देशीय. महिन्याला एक, कधी दोन. तिच्या पत्रात अर्धी वाक्यं असायची, माझ्यात एकच मजकूर दोनदा. कोणी कोणाला शुद्ध केलं नाही. पण एक गंमत झाली. मी विसरलेलं तिच्याकडे असायचं. ती लिहायची, "मागच्या हिवाळ्यात तुझी बोटं अशीच निळी पडली होती, संक्रांतीनंतर उतरलं होतं." मला आठवतसुद्धा नसायचं. आणि तिचा दुसरा गर्भ कोणत्या महिन्यात गेला, हे ती विसरली तेव्हा मला ठाऊक होतं. आमची मिळून एक धड स्मरणशक्ती झाली होती.

मार्च २०२० मध्ये कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालते अशी हवा उठली, आणि माझी रोजची गोळी दुकानांतून गायब झाली. सरकारने २५ मार्चला निर्यात थांबवली, तरी माझ्या दुकानदाराचं आपलं "माताजी, स्टॉक नहीं है." ज्यांना नको त्यांच्या कपाटात पट्ट्या, आणि चोवीस वर्षं ज्या गोळीवर उभी आहे तिला नाही! शेवटी ठाण्याहून तिने आपल्यातल्या दोन पट्ट्या पोस्टाने पाठवल्या. तीच गोळी, तोच डोस, तरी डॉक्टरांना विचारून घेतली. लॉकडाऊनमध्ये पोस्टमन आला तेव्हा गल्लीत तो आणि कुत्री, बाकी कोणी नाही.

ती दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून माझी अर्धी आठवण ठाण्यात राहिली आहे.

जीरावन, तुला अरेतुरे करते, मुलीच्या वयाची आहेस. रामबागेत घर आहे, तळमजला, ओटा आहे, पायऱ्या दोनच. ये.

मांडवीची_सून | ११ जून, रात्री ९:३०

मावशी. काही लिहिता येत नाहीये.

मी बडोद्याची. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि नसांचा आजार, नऊ वर्षं. उन्हाळ्यात डोकं जवळजवळ बंद असतं, गर्मीने नसांतलं वहन अजूनच मंदावतं म्हणतात. पाऊस पडला की शब्द परत येतात. मला भेटायला येता येणार नाही, पण फोनवर कान लावून बसू द्याल का?

भिया_०७३१ | १२ जून, सकाळी ९:२०

मावशींचं वाचून एक आठवलं. 'लाँग कोविड' हे नाव कोणा डॉक्टरने नाही ठेवलं. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो नावाच्या इटालियन बाईंनी ट्विटरवर स्वतःच्या दुखण्याला ते नाव दिलं. त्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक. बाकीच्यांनी उचललं, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली लक्षणं. म्हणजे दुखणेकऱ्यांनी आधी एकमेकांना ओळखलं, कागद मागून आला. मावशींच्या बाकासारखंच.

आणि चमच्यांची गोष्ट माहितीये का? क्रिस्टीन मिझरँडिनो, अमेरिकेतल्या, ल्युपसवाल्याच. मैत्रिणीने विचारलं, तुझं जगणं नक्की कसं असतं? तर त्यांनी टेबलांवरचे चमचे गोळा करून तिच्या हातात दिले. दिवसाची ताकद म्हणजे एवढेच चमचे. आंघोळ, एक गेला. स्वयंपाक, एक गेला. २००३ मध्ये लिहिलं त्यांनी. जगभरचे आजारी लोक आता स्वतःला 'स्पूनी' म्हणवतात.

रामबागवाली | १२ जून, दुपारी ४:४०

चमचे मोजता तरी येतात रे. माझं सिलिंडरसारखं आहे. आत किती उरलाय ते दिसत नाही. उचलून, हलवून अंदाज घ्यायचा, आणि नेमका पाहुणे आलेले असताना कढईखाली विझतो.

सुईवाली | १२ जून, संध्याकाळी ७:००

सिलिंडर! हेच नाव ठेवा आता.

भिया_०७३१ | १३ जून, सकाळी १०:५०

एक खरं बोलू? मला ग्रुपची भीती आहे. आधी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये होतो, चारशे माणसं. रात्री दोनला कोणाची तरी छाती धडधडायची, अडीचला माझीही. दुसऱ्याचं दुखणं वाचून स्वतःचं मोजायला लागलो होतो. शिवाय रोज कोणीतरी बरा व्हायचा आणि बाकीच्यांना क्लास द्यायचा. एकाने रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं. मी तीन दिवस पिपल्यापाळ्याच्या बागेत चाललो आणि अकरा दिवस पलंगावर होतो.

माझ्या प्रकारात जोर लावला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळंच कोसळतं. तापासारखं अंग, डोकं सिमेंट. आधी कळत नाही, त्या दिवशी तर मस्त वाटतं. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्येही हेच असतं, आणि 'हळूहळू व्यायाम वाढवत न्या' हा उपचार ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये त्या आजारासाठी काढून टाकला. पण जीरावन ताईंच्या आमवाताला व्यायाम हवाच, फिजिओ ओरडतो ना? एकाचं औषध दुसऱ्याचं विष. म्हणून म्हणतो, भेटू, पण कोणी कोणाला इलाज सांगायचा नाही.

जीरावन | १३ जून, रात्री १०:३५

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं, पहिल्यांदा वाचलेलं पुसलं गेलं म्हणून. मावशी, तुमची ती पहिल्या बाकावरची मुलगी...

हो, व्यायाम सांगितलाय. करते. करत नाही. करते.

येते मी. कधी?

संपादक | १४ जून, सकाळी ८:००

दोन प्रतिसादांतले मोबाइल नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता काढला आहे. उघड्या धाग्यावर देऊ नका, व्यनि वापरा. चर्चा चालू द्या.

रामबागवाली | १४ जून, संध्याकाळी ५:००

६ जुलै, रविवार, संध्याकाळी ५. आषाढी एकादशी आहे, साबुदाण्याची खिचडी होईल. पाऊण तासच. पाऊण तासानंतर मी स्वतः उठून आत जाऊन आडवी होणार आहे, तुम्ही बसा की जा. मधेच कोणाला झोपावंसं वाटलं तर माजघरात दिवाण आहे.

जीरावन | ७ जुलै, रात्री १०:०५

वृत्तांत लिहिणार होते तो लिहिते. आधी कबुली.

मी शनिवारी गेले होते.

पाचला बरोबर पोचले, बेल वाजवली. मावशी दारात आल्या, हाताला साबुदाण्याचं पांढरं पाणी. एक क्षण बघितलं माझ्याकडे आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस. दाणे भाजून ठेवलेत, सालं काढायला कोणी नाही." सुपात दाणे दिले. माझी बोटं मुडपत नाहीत नीट, तर तळव्यांनी चोळायला सांगितलं, फुंकर त्या घालत होत्या. सालं उडून त्यांच्या चष्म्यावर बसली. तासभर बसलो. बाकीचे का आले नाहीत ते मी विचारलं नाही, मला वाटलं विसरले असतील, आपल्यासारखेच. त्यांनी सांगितलं नाही. चहा झाला. मी त्यांना ती डबल गोळीची गोष्ट सांगत होते, मधेच सुटली, तर त्यांनी "मग?" केलं नाही. दाणे निवडत राहिल्या. दहा मिनिटांनी माझी मीच पुढे बोलायला लागले.

रविवारी चारला त्यांचा फोन. "आज येते आहेस ना?" तेव्हा कळलं. रागच आला आधी, स्वतःचा. म्हटलं, "मावशी, काल सांगितलं का नाहीत?" तर म्हणाल्या, "काल काय बिघडलं होतं?"

रविवारी पाच जण होतो. नुसता_नवरा काका बायकोला घेऊन आले, ती एक शब्द बोलली नाही, पण खिचडी दोनदा घेतली. भिया दिवाणावर आडवा होऊन आतूनच बोलत होता. बडोद्याच्या ताई फोनवर. सुईवालीला ड्यूटी होती. मध्ये सगळ्यांचीच वाक्यं तुटत होती आणि कोणी कोणाला जोडून देत नव्हतं. एरवी घरी मी "ते आपलं हे" म्हटलं की चार जण चार शब्द घेऊन धावतात.

एक गोष्ट ठरली. दर रविवारी रात्री नऊला मी मावशींना फोनवर फक्त 'घेतली' लिहायचं. त्या वहीत टिक करणार. सोमवारी शंका आली तर डबा नाही, डोकं नाही, मावशींना विचारायचं. त्यांनी विचारलं, "आणि माझं कोण ठेवणार?" तर त्यांच्या दरवर्षीच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख माझ्याकडे, त्यांच्या रोजच्या गोळीने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो का ते बघायचं असतं. भियाने काही मागितलं नाही. नंतर जाताना म्हणाला, "कोणी मला शुक्रवारी सांगा, की शनिवारी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊ नको."

सुईवाली | ८ जुलै, सकाळी ७:१५

पहाटेपासून बारा जणांचं रक्त काढलं, आता हे वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी. पुढच्या वेळी ड्यूटी बदलून येते.

मांडवीची_सून | ८ जुलै, दुपारी १:००

काल इथे धो धो पाऊस. फोनवर तुमच्या वाट्यांचा आवाज येत होता. एक विचारून ठेवते: अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं कोणी केलंय का? २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत माझा आजार नावाने आहे, पण कागद गोळा करायलाच डोकं लागतं.

नुसता_नवरा | ८ जुलै, रात्री ११:३०

यादी करून व्यनि करतो. फॉर्म भरणं हे एक मला जमतं. बायकोचा निरोप: दाणे जाडसर हवे होते.

तिसरा_मजला | २ ऑगस्ट, रात्री २:४०

मी बाहेरूनच वाचत होतो. ग्वाल्हेर. सात वर्षं आजारी. भेटायला लांब आहे आणि कोणाला भेटावंसंही वाटत नाही आता. खरं तर उद्या उठावं असंही वाटत नाही. एवढंच लिहायचं होतं.

भिया_०७३१ | २ ऑगस्ट, रात्री २:५१

भाऊ, मी जागा आहे. उठायला नको वाटतं म्हणजे जीव द्यावासा वाटतो का? सरळ विचारतोय, सरळ सांगा. १४४१६ लावा आत्ताच, टेलिमानस, फुकट आहे, रात्री चालू असतं. मी तीन वेळा लावलाय. घरात कोणी असेल तर त्याला उठवा, काय बोलायचं सुचलं नाही तर हा धागाच दाखवा. व्यनित माझा नंबर टाकलाय. फोनवर बोलायची गरज नाही, मीही नाही बोलणार, नुसता चालू ठेवू.

तिसरा_मजला | २ ऑगस्ट, पहाटे ४:३०

लावला. दोन्ही. भावाला उठवलं, तो शेजारी बसलाय. आता झोपतो.

संपादक | २ ऑगस्ट, सकाळी ८:१०

भिया, धन्यवाद. तिसरा_मजला, दुपारपर्यंत एक टिंब टाका इथे.

तिसरा_मजला | २ ऑगस्ट, दुपारी १:२०

.

रामबागवाली | ४ ऑगस्ट, दुपारी ४:२५

तिसरा मजला, पायऱ्यांचं घर दिसतंय. दर बुधवारी दुपारी चारला मी तुला पोस्टकार्ड लिहिणार आहे. पत्ता व्यनि कर. उत्तराची सक्ती नाही.

गेल्या बैठकीला एक नवीन बाई आल्या होत्या, त्यांनी पर्समधून प्रोटीन पावडरचे डबे काढले आणि 'जोडले जाण्याचे' फायदे सांगायला लागल्या. त्यांना चहा पाजून रिक्षात बसवलं. ओट्यावर विक्री नाही, हे लिहून ठेवते, कारण मीच विसरेन.

कर्वेरोड | ५ ऑगस्ट, सकाळी ११:१०

जूनमध्ये भाषेवरून टोकलं होतं, त्याची लाज वाटून राहिली आहे. (बरोबर का?) आईला पार्किन्सन आहे. पुण्यात असा ओटा काढायचा तर सुरुवात कुठून करावी?

भिया_०७३१ | ५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

एकदम बरोबर दादा. सुरुवात दिवाणापासून करा. बसायच्या जागेआधी झोपायची जागा ठरवा.

जीरावन | २१ सप्टेंबर, रात्री ९:०४

धागा वर काढतेय. मावशी, फोन चार्जिंगला लावायचा राहिला, बंद पडलाय, म्हणून लॅपटॉपवरून इथेच लिहिते. घेतली.

आणि एक विचारायचं होतं, कदाचित आधी विचारलंही असेल. ती फॉलिक अ‍ॅसिड, ती त्याच दिवशी घ्यायची की दुसऱ्या?

सुईवाली | २१ सप्टेंबर, रात्री ९:१०

सोमवारी, जेवणानंतर. तुमच्या कागदावर दुसऱ्या ओळीत आहे.

रामबागवाली | २१ सप्टेंबर, रात्री ९:१८

टिक केलं. पुढची बैठक ५ ऑक्टोबर, रविवार. शनिवारी आलीस तर येताना कोथिंबीर आण.